आजोबा श्वास कुठून घेतात?

नाक चिमटीत धरून आणि तोंड घट्ट मिटून माणूस किती वेळ बसू शकेल? करून बघा. मोठ्या ऐटीत सुरुवात कराल, पण साठ आकडे मोजून व्हायच्या आत जीव कासावीस होईल आणि हात आपोआप नाकावरून निघेल. मिहिकाचा विक्रम पंचेचाळीस आकड्यांचा होता आणि त्यावर ती वर्गात बराच भाव खायची.

आणि आज तिचे आजोबा, डॉक्टर भगवंत साळुंखे, नाकाला कपडे वाळत घालायचा पिवळा चिमटा लावून, ओठांवर आडवी चिकटपट्टी मारून, अर्धा तास झाला तरी आरामखुर्चीत पेपर वाचत बसले होते. मधूनच पान उलटत होते. एकदा तर त्यांनी पेन काढून शब्दकोडं सोडवायला घेतलं.

मिहिका दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. दहा वर्षांची ही मुलगी एरवी प्रश्न विचारून माणसांना भंडावून सोडायची, पण आज तिने एकही प्रश्न विचारला नाही. कारण उत्तर कुठे आहे हे तिला ठाऊक होतं. ते आजोबांच्या गळ्यावर, राखाडी रुमालाखाली होतं, आणि तिकडे नुसतं बघायचं म्हटलं तरी ती मान वळवायची.

ही गोष्ट आहे अजून वीस-पंचवीस वर्षांनंतरची. सह्याद्रीच्या एका उंच पठारावर कारवमाळ नावाचं गाव आहे. तिथे वर्षातले सात-आठ महिने धुकं असतं, पण विहिरीला पाणी लागत नाही. मिहिकाचे आजोबा औषधांचे नाही, पाण्याच्या शास्त्रातले डॉक्टर; त्यांनी तिथे टेकडीवर उंच जाळ्या उभारल्या. धुकं जाळीतून जाताना त्यातले पाण्याचे बारीक कण धाग्यांना चिकटतात, थेंब होतात, थेंब पन्हळीत उतरतात आणि पन्हळीतून गावाच्या टाकीत. पंचवीस वर्षं सगळं गाव धुकं पीत होतं असं म्हटलं तरी चालेल. नात झाली तेव्हा आजोबांनी तिचं नावही मिहिका ठेवलं. मिहिका म्हणजे धुकंच.

सहा महिन्यांपूर्वी आजोबांच्या घशात कर्करोग (शरीरातल्या पेशी बेसुमार वाढत जाण्याचा आजार) सापडला. मोठ्या शहरात ऑपरेशन झालं. ते घरी आले त्या दिवशी मिहिका पळत जाऊन त्यांच्या मांडीवर बसली. आजोबा काहीतरी सांगणार तोच त्यांना खोकला आला. पण तो तोंडातून आला नाही. गळ्याच्या खाली, जिथे शर्टाचं वरचं बटण असतं तिथे एक भोक होतं, आणि खोकला तिथून आला. मिहिका किंचाळली, मांडीवरून उडी मारून पळाली आणि संध्याकाळपर्यंत कपाटामागून बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबांच्या गळ्यावर रुमाल आला. मग तो घरात, अंगणात, टेकडीवर, कुठेही सुटला नाही. गावाला एवढंच माहीत होतं की साहेबांच्या घशाचं ऑपरेशन झालंय आणि आत कसलंतरी बोलायचं यंत्र बसवलंय. रुमालाखाली काय आहे ते कोणी पाहिलं नाही, आणि विचारायचं कसं म्हणून कोणी विचारलंही नाही.

आजोबांनी चिकटपट्टी ओढली, चिमटा काढला आणि रुमालावरून गळ्यावर अंगठा दाबला.

"आता विचार," ते म्हणाले. आवाज खरबरीत आणि खोल होता, पण शब्द स्वच्छ होते. "मी मेलो कसा नाही?"

"असं बोलू नका ना," मिहिका पुटपुटली.

आजोबांनी अंगठा उचलला. रुमालाखालून सूऽ असा आवाज आला. तोच आवाज तिला सगळ्यात नकोसा वाटायचा. मग पुन्हा अंगठा दाबून ते म्हणाले, "ये इकडे. उद्या माझा सत्कार आहे. त्याआधी तुला हे कळायला हवं. गळ्याकडे बघू नकोस. कागदाकडे बघ."

त्यांनी पेपरच्या कोऱ्या समासात दोन उभ्या नळ्या काढल्या. जाळ्यांचे नकाशे काढून काढून त्यांचा हात सरळ झाला होता.

"ही पुढची श्वासनलिका (फुफ्फुसांकडे हवा नेणारी नळी). ही मागची अन्ननलिका (जेवण पोटात नेणारी नळी). तुझ्या घशात दोन्ही एकाच चौकात उघडतात. नाक आणि तोंड, दोघांचेही रस्ते त्याच चौकात येतात. श्वासनलिकेच्या तोंडाशी एक डबी असते. ते स्वरयंत्र. त्यात दोन पट्ट्या असतात, त्यांना म्हणायचं स्वरतंतू. खालून हवा आली की त्या थरथरतात. त्या थरथरण्याचा आवाज होतो. गळ्यावर बोटं ठेवून 'आ' म्हण."

मिहिकाने म्हणून पाहिलं. बोटांना गुदगुल्या झाल्या.

"तो नुसता 'आ'. त्याचे शब्द कोण करतं?"

"जीभ?"

"जीभ, ओठ, दात, टाळू. डबी फक्त आवाज देते." आजोबांनी श्वास घेतला. आता त्यांना प्रत्येक दोन-तीन वाक्यांनंतर थांबावं लागायचं. "माझा आजार त्या डबीतच होता. डॉक्टरांनी डबी काढून टाकली. मग श्वासनलिकेचं वरचं टोक मोकळं राहिलं. ते त्यांनी पुढे वळवून गळ्याच्या कातडीला शिवलं. म्हणजे आता माझ्या नाकातोंडाचा आणि फुफ्फुसांचा काही संबंध नाही. नाक आहे, पण शोभेला." त्यांनी कागदावर पुढच्या नळीला एक वळण दिलं आणि तिथे लिहिलं, श्वासद्वार. "मी इथून श्वास घेतो. म्हणून चिमटा लावला तरी मला फरक पडला नाही. म्हणूनच मला वासही येत नाही. वास यायला नाकातून हवा जावी लागते."

"मग आवाज कुठून येतो? डबी तर नाही."

आजोबांचा चेहरा खुलला. बऱ्याच दिवसांनी नातीने प्रश्न विचारला होता. त्यांनी दोन नळ्यांच्या मधल्या भिंतीला पेनाने छोटं भोक पाडलं.

"इथे डॉक्टरांनी एक झडप बसवली आहे. रबरासारख्या मऊ पदार्थाची, शर्टाच्या बटणाएवढी. झडप म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. पुढच्या नळीतून मागच्या नळीत हवा जाऊ देते. पण मागच्या नळीतलं पाणी किंवा घास पुढे येऊ देत नाही. आता बघ. मी छातीत हवा भरली. मग गळ्यावरचं दार अंगठ्याने बंद केलं. हवेला बाहेर जायला रस्ता कुठला उरला?"

मिहिकाने कागदावर बोट फिरवलं. पुढची नळी, वर दार बंद, मधली झडप, मागची नळी. "इकडून तोंडात."

"जाताना ती अन्ननलिकेच्या वरच्या भिंतीला थरथरवते. स्वरतंतूंचं काम ती भिंत करते. पुढचे जीभ-ओठ जुनेच आहेत. त्यांना सगळे शब्द पाठ आहेत." मग ते हसून म्हणाले, "त्यामुळे शिव्याही देता येतात."

मिहिका हसली नाही. ती कागदाकडे एकटक बघत होती. "आणि तुम्ही रुमालाखाली दाबता ते काय असतं?"

"ती वेगळी, छोटी डबी, श्वासद्वारावर बसवलेली. आत स्पंज असतो. नाक हवा ओली आणि गरम करून आत पाठवायचं, ते काम आता नाक करत नाही. म्हणून बाहेर जाणाऱ्या श्वासातली वाफ तो स्पंज पकडतो आणि आत येणाऱ्या हवेला परत देतो. टेकडीवर मी केलं तेच. त्या डबीला दाबायचं झाकण आहे. दाबलं की दार बंद, सोडलं की स्प्रिंग झाकण उचलते."

मिहिकाने कागदावरच्या झडपेवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "आणि झाकण दाबलेलंच राहिलं तर?"

"कशाला राहील? अंगठा माझाच आहे ना."

"पण राहिलं तर? झडप हवा बाहेर सोडते. आत घेत नाही. मग आत कुठून येणार?"

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. "नाही येणार," ते म्हणाले. "बरोबर बोललीस. आता मी रुमाल काढतो. एकदा बघून घेशील?"

मिहिकाने मान हलवून नाही म्हटलं आणि ती स्वयंपाकघरात पळाली. आजोबांनी पेपरची घडी घातली. त्यांनी आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की शाळेच्या फाटकातून शाळा दिसत नव्हती. सत्कार शाळेच्या सभागृहात होता. निघायच्या वेळीच आईला फोन आला. वाऱ्याने टेकडीवरची मधली जाळी फाटली होती, आणि जाळ्यांचं काम आता मिहिकाची आईच बघायची.

"मी तासाभरात येते," आई म्हणाली. मग तिने मिहिकाचे दोन्ही खांदे धरले. "स्टेजवर आजोबांच्या शेजारची खुर्ची तुझी आहे. तू तिथून हलायचं नाहीस. रुमाल सरकला, खोकला आला, काहीही झालं तरी तू त्यांच्याजवळ पाहिजेस. कळलं?"

"कळलं," मिहिका म्हणाली.

खरं सांगायचं तर तिने पाच मिनिटं प्रयत्न केला. ती शेजारच्या खुर्चीत बसली. पण सभागृह शांत झालं की रुमालाखालचा सूऽ, सूऽ असा आवाज तिच्या कानाशी यायचा. शेवटी मैत्रिणीला भेटून येते असं सांगून ती खाली उतरली आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. आजोबांनी तिला जाताना पाहिलं. त्यांनी मान डोलावली, म्हणजे जा, हरकत नाही.

सरपंच द्रौपदाताई लोखंडे यांनी आजोबांना आधी फेटा बांधला, मग शाल आणली. चांगली जाड, लोकरीची. एरवी शाल खांद्यावर घालतात, पण बाहेर बोचरी थंडी होती आणि द्रौपदाताईंना साहेबांची काळजी. त्यांनी शालीचा गळ्याभोवती नीट वेढा दिला आणि टोक आत खोवलं. "घशाचं दुखणं हाय, वारं लागाया नको," त्या मायेने म्हणाल्या.

मग हार सुरू झाले. पंचायतीचा, शाळेचा, महिला बचत गटाचा. त्यानंतर दूध सोसायटीची माणसं आली. त्यांचा हार दोघांनी मिळून उचलून आणला होता. झेंडूचा, दंडाएवढा जाड, गुडघ्यापर्यंत पोचणारा. तोही आजोबांच्या गळ्यात पडला. आजोबांनी रीतीप्रमाणे गळ्यातले हार काढायला हात वर नेला.

"सायेब, हार काढू नका," फोटोवाला ओरडला. "समदे वर या. ग्रुप फोटो घिऊ."

सगळे वर गेले. कोणी खांद्यावर हात ठेवला, कोणी मागून वाकलं. मिहिकाला तिसऱ्या रांगेतून माणसांच्या फटीतून आजोबांचा चेहरा दिसत होता. आधी त्यांचा एक हात फुलांत शिरला. मग दुसरा. बोटं काहीतरी शोधत होती आणि त्यांना सापडत नव्हतं. त्यांच्या घशातून "हंऽ" असा एकच आवाज निघाला.

"सायेब भरून आले," कोणीतरी म्हणालं, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

आजोबा आता माणसांकडे बघत नव्हते. ते त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

पेपरच्या समासातल्या त्या दोन नळ्या मिहिकाच्या डोळ्यांपुढे आल्या. शालीचा वेढा, त्यावर चार हारांचं वजन, खाली झाकण. झाकण दाबलं गेलंय. तो "हंऽ" म्हणजे छातीतली उरलेली हवा झडपेतून निघून गेली. आता ती परत येणार नाही. बोलायलाही हवा लागते, म्हणून ते ओरडू शकत नाहीत. लोक टाळ्या वाजवतायत आणि आजोबा गुदमरतायत.

ती उठली. पण तिथेच थांबली. धावत जायचं म्हणजे तिथे हात घालायचा, त्या भोकाशी. मनातल्या मनात तिने आकडे मोजायला सुरुवात केली होती, का ते तिलाही कळलं नाही. अकरा, बारा, तेरा. पंचेचाळीस हा तिचा विक्रम होता, पण तो छाती भरून घेतल्यावर.

अठराला आजोबा खुर्चीतून कलले.

"चक्कर आली, चक्कर आली," एकच गलका झाला. "पाणी आणा." "कांदा फोडा, नाकाला लावा." कोणीतरी खरोखरच कांदा आणला आणि बुक्कीने फोडून आजोबांच्या नाकाशी धरला. ज्या नाकातून हवाच जात नव्हती त्याला कांद्याचं काय. मागच्या दारातून कंपाउंडर गडगडत आला. कंपाउंडर म्हणजे आरोग्यकेंद्राचा यंत्रमानव. चार चाकं, दोन लांब हात, आणि पोटात औषधांचे कप्पे. त्याचं खरं नाव आकड्यांत होतं, पण गावाने त्याला कंपाउंडरच केलं होतं. त्याला बघून सगळ्यांच्या जिवात जीव आला. फक्त मिहिकाच्या आला नाही, कारण कंपाउंडरने मास्क काढून आजोबांच्या नाकातोंडावर बसवला.

"प्राणवायू सुरू केला आहे," कंपाउंडर संथ आवाजात म्हणाला. "छाती हलत नाही. प्राणवायू वाढवत आहे. धुक्यामुळे हवाई रुग्णवाहिका येऊ शकत नाही."

एक्केचाळीस. बेचाळीस.

मिहिका धावली. पायऱ्यांवर एका माणसाने तिला अडवलं. "पोरी, बाजूला हो, हवा येऊ दे." ती त्याच्या हाताखालून निसटली आणि गुडघ्यांवर रांगत आजोबांच्या खुर्चीपाशी पोचली. आजोबांचे ओठ काळेनिळे झाले होते. तिने हार ओढला. तो सुतळीत ओवलेला होता, तुटेना. डोक्यावरून काढायला गेली तर फेट्यात अडकला. पाण्याचा तांब्या घेऊन एक आजी वाकल्या तेव्हा मिहिकाने तो हातानेच उडवला. पाणी गळ्यावरच्या भोकातून आत गेलं तर थेट फुफ्फुसात जाईल, हे तिथे एकट्या तिला माहीत होतं.

"आवं ही पोरगी काय करतीया," कोणीतरी रागावलं.

मिहिकाला रडू येत होतं. तिने डोळे मिटले, मग लगेच उघडले, कारण मिटून चालणार नव्हतं. फुलांच्या खालून, शालीच्या वेढ्यातून तिने हात आत सरकवला. रुमाल लागला. रुमालाखाली गोल, गुळगुळीत, कोमट काहीतरी लागलं. तिने दोन बोटांत ते पकडलं आणि जोरात ओढलं. डबी रुमालासकट निघून आली. दुसऱ्या हाताने तिने शालीचा वेढा पुढे खेचून धरला.

क्षणभर काहीच झालं नाही. तो क्षण मिहिकाला आयुष्यात कधी विसरता आला नाही.

मग आवाज आला. सूऽऽऽ. खूप लांब, खूप खोल. आजोबांची छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. तोच आवाज, ज्याला ती सहा महिने घाबरत होती. आता तो थांबेल की काय म्हणून ती घाबरली होती.

"मास्क इकडे दे," ती कंपाउंडरला म्हणाली.

"मास्क नाक व तोंडावर लावतात," कंपाउंडर म्हणाला.

"त्यांच्या नाकातून फुफ्फुसांकडे रस्ताच नाही. तो बंद झालाय. रस्ता हा आहे. बघ ना, तुला डोळे दिलेत ना?"

कंपाउंडरने मान लांब करून आपला कॅमेरा आजोबांच्या गळ्याशी नेला. थंडीत त्याच्या भिंगावर वाफ धरली, गेली, पुन्हा धरली.

"श्वास येथून येत आहे," कंपाउंडर म्हणाला, आणि त्याने पारदर्शक मास्क गळ्यावर धरला.

द्रौपदाताईंनी स्वतःच्या हाताने एकेक हार कापला. मिहिका शालीची घडी दूर धरून बसून राहिली. तिला हात काढायचा धीर होईना. आता ते भोक तिच्या डोळ्यांसमोर होतं. पाच रुपयांच्या नाण्याएवढं, गुलाबी, ओलसर, आपल्या ओठांच्या आतल्या बाजूसारखं. त्याच्यातून येणारी ऊब तिच्या मनगटाला लागत होती. भीती गेली नव्हती. पण आता तिला नजर वळवायची नव्हती.

दहा मिनिटांनी आजोबांनी डोळे उघडले. त्यांना बोलायचं होतं. त्यांनी अंगठा गळ्याकडे नेला, पण हात इतका थरथरत होता की दार धड बंद होईना, आणि हवा बाजूने निसटून जाई. मिहिकाने आपला अंगठा पुढे केला. आजोबांनी छातीत हवा भरली आणि डोळ्यांनी खूण केली. तिने अगदी हलकेच दार बंद केलं. तिच्या अंगठ्याखाली सगळा गळा थरथरला, आणि आवाज आजोबांच्या तोंडातून आला.

"पुढच्या वेळी," ते म्हणाले. तिने अंगठा उचलला. श्वास. पुन्हा बंद. "हार हातात द्या."

कोणी हसलं नाही. द्रौपदाताई पदराने डोळे पुसत होत्या. "आमाला काय म्हाईत वो सायेब. आमी आपलं चांगल्यासाठनं केलं."

"तुमची चूक नाही," आजोबा म्हणाले. श्वास. "मीच झाकून ठेवलं."

"माझ्यामुळे झाकलं," मिहिका म्हणाली. सगळ्यांसमोर म्हणाली, आणि मग तिला हुंदका आवरेना. "मी घाबरत होते म्हणून त्यांनी रुमाल बांधला. खुर्चीवरूनपण मीच उठले."

आजोबांनी तिचा हात धरला. बोलायचं तर तिचा तोच हात गळ्याला लावावा लागला असता; त्यांनी तो सोडला नाही.

आई धापा टाकत आली तेव्हा आजोबा चहा पीत होते. चहा मागच्या नळीतून पोटात जात होता, श्वास पुढच्या नळीतून चालू होता, आणि ते दोन्ही एकाच वेळी कसं होतं हे दूध सोसायटीच्या माणसांना मिहिका समजावून सांगत होती.

पुढच्या सोमवारी आरोग्यकेंद्रात कंपाउंडरची शिकवणी झाली. यंत्रमानवांना नवा नियम शिकवायचा तर ज्याने ते काम केलं त्याच्याकडून शिकवायचा असतो. म्हणून केंद्राच्या डॉक्टरीणबाई आणि आजोबा मागे बसले, आणि मिहिका स्टुलावर चढून कंपाउंडरसमोर उभी राहिली. आजोबांच्या गळ्यावर नवी डबी होती. रुमाल नव्हता.

"आजोबा," तिने आधी मागे वळून विचारलं, "जाळी विणतो तसं नवं स्वरयंत्र विणता येईल का?"

आजोबांनी झाकण दाबलं. "प्रयत्न चालू आहेत. अजून जमलेलं नाही. स्वरयंत्राची डबी बनवता येईल, पण ती मेंदूशी जोडणं अवघड आहे." श्वास. "कोणीतरी जोडेल. तू मोठी हो आधी."

मिहिकाने मान डोलावली आणि ती कंपाउंडरकडे वळली. तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. दोन नळ्या, झडप, झाकण, शाल, हार. कंपाउंडरने ऐकून घेतलं.

"नियम तयार आहे," तो म्हणाला. "बेशुद्ध व्यक्तीचा गळा प्रथम मोकळा करून पाहावा. श्वास जिथून येतो तिथे मास्क लावावा. गळ्याशी पाणी नेऊ नये. आणखी काही लिहायचे आहे का?"

मिहिकाने विचार केला. "भीती वाटली तरी बघावं, असं लिही."

"मला भीती वाटत नाही," कंपाउंडर म्हणाला.

"तुझ्यासाठी नाही. तुझ्या शेजारी जे कोणी उभं असेल त्याला वाचून दाखवायला."

कंपाउंडरने तेही लिहून घेतलं. संध्याकाळपर्यंत तो नियम राज्यातल्या सगळ्या आरोग्यकेंद्रांत पोचला. तिथे मिहिकाने कधी न पाहिलेली माणसं होती, आणि त्यांच्यातली काही गळ्यातून श्वास घेत होती.